कालव्याच्या काठानं: मराठवाड्यात ग्रॅव्हल सायकलिंग सुरू करताना

मराठवाड्यात ग्रॅव्हल सायकलची, म्हणजे कच्च्या, मुरमाच्या रस्त्यांवर चालवायच्या सायकलची, वाट ठरवताना पहिला प्रश्न मातीचा आणि दुसरा पाण्याचा. किती किलोमीटर, किती चढ, हे त्यानंतर. ज्या गाडीवाटेवरून जानेवारीत सायकल ताशी वीसच्या वेगानं पळते, तीच वाट जुलैत दहा पावलंही पुढं जाऊ देत नाही. दोन्ही वेळा नकाशावर मात्र तीच रेघ दिसते.

पैठणपासून नांदेडपर्यंत गोदावरीच्या दोन्ही अंगांचा पट्टा जवळजवळ सपाट आहे. उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर, दक्षिणेला बालाघाट, आणि मधे काळी रानं, कालवे, कालव्याकाठचे मुरमाचे रस्ते, गावाला गाव जोडणारे शिवरस्ते. महामार्गाच्या कडेनं ट्रक-ट्रॅव्हल्सच्या धाकात सायकल चालवणारी कितीतरी मंडळी संभाजीनगर, परभणी, नांदेडात आहेत. त्यांच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर हे जाळं मोकळं पडलेलं आहे. ते त्यांनी वापरावं असं मला फार वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

सायकल आणि हवा

ग्रॅव्हल बाइकचं हँडल रेसिंग सायकलीसारखं खाली वळलेलं असतं, पण टायर जाड, ब्रेक डिस्कचे आणि गिअर हलके. ती नसेल तर थांबू नका. घरात हायब्रिड किंवा एमटीबी (माउंटन बाइक) असेल तर पहिला हिवाळा तिच्यावरच काढा. फक्त टायर ३८ मिलिमीटरपेक्षा बारीक नको, ४० ते ४५ असेल तर उत्तम.

टायरवर लिहिलेल्या कमाल दाबाइतकी हवा भरायची सवय मात्र सोडा. टणक टायर मुरमावर उड्या मारतो आणि हात बधिर होतात. साधारण सत्तर किलोच्या माणसाला ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये ३५ ते ४० पीएसआय पुरते. आत ट्यूब असेल तर चार-पाच जास्त ठेवा, नाहीतर दगडाच्या कडेवर ट्यूब चिमटून शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात.

आणखी एक बारीक गोष्ट, पण ऐनवेळी तीच अडवते. गावातल्या पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसर असतो, पण त्याचं तोंड मोटारसायकलच्या जाड व्हॉल्व्हचं. चांगल्या सायकलींना बहुधा बारीक, प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. त्याला बसणारा पितळेचा छोटा ॲडॉप्टर सायकलच्या दुकानात मिळतो. तो व्हॉल्व्हवरच फिरवून ठेवा, म्हणजे कुठल्याही फाट्यावर हवा भरून मिळते.

माती ओळखा

आपली काळी जमीन बेसाल्ट खडक झिजून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. सायकलवाल्याच्या सगळ्या अडचणी या एका गुणातून निघतात.

ओली असताना ती टायरला चिकटते, त्यावर वाळकं गवत आणि खडे चिकटतात, आणि पन्नास-साठ मीटरमध्ये टायर आणि फोर्क यांच्यामधली फट भरून चाक जाम होतं. अशा वेळी जोर लावून पॅडल मारलं की मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, चिखलात ओढला जातो आणि त्याला फ्रेमशी धरणारा हँगर तुटतो, म्हणजे तिथून पुढं पायपीट. चाक जड लागायला लागलं की लगेच उतरा. वाटेच्या कडेच्या गवतावर या, काडीनं फोर्कमधला आणि मागच्या चाकाजवळचा चिखल काढा, आणि गरज पडली तर सायकल खांद्यावर घ्या. ढकलत नेलीत तर चाक पुन्हा भरेल. पावसाळ्याच्या आसपास मडगार्ड काढूनच ठेवलेलं बरं.

माझा नियम साधा आहे. चांगला पाऊस पडून गेला की काळ्या रानातल्या वाटेला तीन दिवस सुट्टी. मुरमाची वाट दुसऱ्या दिवशीच चालू होते. कालव्याच्या भरावावर बहुतेक ठिकाणी मुरूमच असतो, तेव्हा भराव चालतो. भरावावरून गावाकडं उतरणारा फाटा मात्र काळ्या रानातून जातो, आणि गंमत संपते ती तिथं. परतीचा रस्ता बघताना हे उतरणीचे फाटे आधी तपासा.

वाळलेल्या काळ्या जमिनीचे धोके वेगळे. पावसात ट्रॅक्टर गेला असेल तर त्याच्या चाकोऱ्या वाळून टणक होतात. चाकोरीत असाल तर चाकोरीतच राहा. मधूनच तिरकं बाहेर यायला गेलं की पुढचं चाक कडेला घासून माणूस आडवा होतो. बाहेर यायचंच असेल तर वेग कमी करा आणि हँडल थोडं उचलून जवळजवळ काटकोनात निघा. मार्चनंतर जमिनीला भेगा पडतात आणि काही भेगांत ४० मिलिमीटरचं टायर सहज अडकतं. पडीक रानातून शॉर्टकट काढायची इच्छा झाली तर ही गोष्ट आठवा.

घरबसल्या माती ओळखायची सोपी युक्ती म्हणजे उपग्रहाचा नकाशा. मुरमाचा रस्ता फिकट, तांबूस-पांढरा दिसतो आणि दोन्हीकडच्या रानापासून उठून दिसतो. काळ्या मातीची गाडीवाट रानाच्याच रंगात मिसळलेली असते, मोठं करून पाहिलं तरच सापडते. पहिल्या फेऱ्यांसाठी उठून दिसणारीच वाट निवडा.

कालवा वाचायला शिका

कालव्याचा रस्ता सपाट का असतो, हे कळलं की वाट चुकायची भीती निम्मी कमी होते. पाणी पंपाशिवाय दूरवर न्यायचं तर कालवा जवळजवळ एकाच उंचीवरून, अगदी मंद उतारानं काढावा लागतो. म्हणून तो सरळ न जाता जमिनीच्या उंचवट्यांना वळसे घालत जातो. नकाशावर पाच किलोमीटर वाटणारं अंतर काठानं सात भरू शकतं, पण चढ मात्र लागत नाही.

कालव्याचं पाणी उताराच्या बाजूच्या रानाला मिळतं. त्यामुळं खालच्या अंगाला ऊस, केळी, हळद आणि वरच्या अंगाला कोरडवाहू कापूस, तूर, ज्वारी असं चित्र पुष्कळ ठिकाणी स्पष्ट दिसतं. मोबाइल बंद पडला तरी हिरव्या बाजूला उतरलं की नदीकडं, म्हणजे सहसा गावांकडं, जाता येतं. जायकवाडीच्या डाव्या कालव्यानं पूर्वेकडं निघालात तर गोदावरी तुमच्या उजव्या हाताला. उजव्या कालव्यानं निघालात तर डाव्या हाताला.

जायकवाडीचं धरण १९७६ मध्ये पूर्ण झालं. बांध सुमारे दहा किलोमीटर लांबीचा. डावा कालवा २०८ किलोमीटरचा, पैठणहून जालना जिल्हा ओलांडून परभणीकडं जाणारा. उजवा १३२ किलोमीटरचा, गेवराईकडून माजलगावच्या जलाशयात पाणी सोडणारा. या दोन मुख्य कालव्यांना वितरिका, वितरिकांना चाऱ्या, असं करत पाणी शेताच्या बांधाशी येतं. सायकलीसाठी मुख्य कालव्याचा काठ सर्वांत चांगला, कारण अधिकाऱ्यांच्या जीपसाठी एका काठावर रस्ता राखलेला असतो. दुसरा काठ बहुधा अरुंद आणि बाभळींनी भरलेला. वितरिकेचा काठ चालेल न चालेल. चारीच्या काठावर सायकल घालू नका. तो कच्चा असतो, फुटला तर एखाद्या शेतकऱ्याची पाण्याची पाळी हुकते.

रस्ता कुठं तुटतो हेही ठरलेलं आहे. जिथं ओढा किंवा नदी आडवी येते, तिथं कालवा जलसेतूवरून जातो, पण काठचा रस्ता पुष्कळदा खाली ओढ्यात उतरून पलीकडं चढतो. नकाशावर कालव्याला छेदणारी प्रत्येक निळी रेघ मोजून ठेवा, तितक्या वेळा उतरायची तयारी हवी. जलसेतूच्या कमानीखाली आग्या मोहोळ असू शकतं. खाली सावलीत बसायच्या आधी मान वर करून बघा, आणि मोहोळ दिसलं तर आवाज न करता पुढं व्हा.

पाण्याविषयी अगदी स्पष्ट सांगतो. आवर्तन सुरू असताना, म्हणजे कालव्याला पाणी सोडलेलं असताना, त्यात उतरायचं नाही, पाय धुवायलाही नाही. अस्तर केलेल्या कालव्याच्या भिंती उतरत्या असतात, पाण्याखाली त्यांच्यावर शेवाळ साठतं, आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तिथून वर चढायला पकड मिळत नाही. काठावर शेतकऱ्यांच्या मोटारींच्या वायरी जमिनीवरून गेलेल्या असतात. त्यांच्यावरून चाक नेऊ नका, ओल असेल तर हातही लावू नका. ठिबकच्या नळ्या आडव्या आल्या तर उतरून सायकल उचलून पलीकडं ठेवा.

हे रस्ते जलसंपदा विभागाचे आहेत. गावकरी रोज वापरतात, सायकलवाल्याला सहसा कुणी अडवत नाही, पण कर्मचारी थांबवून विचारेल तेव्हा थांबून नीट सांगा. धरणाच्या भिंतीवर आणि दरवाजांजवळ मात्र जायचं नाही. बंदी असते आणि ती योग्य आहे.

पहिली फेरी अशी ठरवा

पंचवीस किलोमीटरपेक्षा मोठी नको. कालव्यावरचा एखादा डांबरी रस्त्याचा पूल निवडा, तिथं गाडी लावा किंवा तिथंवर सायकलनं या. काठानं दहा-बारा किलोमीटर जा, पुढच्या पुलावर चढा आणि गावांतून जाणाऱ्या डांबरी रस्त्यानं परत या. यात काहीही बिघडलं तरी कुठला ना कुठला पूल पाच-सहा किलोमीटरच्या आत असतो. काठानंच जाऊन काठानंच परत येणं सोपं वाटतं, पण पहिल्या दिवशी थकल्यावर परतीचा मुरूम अंगावर येतो.

नकाशा मोबाइलमध्ये आधीच उतरवून घ्या, रानात रेंज जाते. निघताना वारा बघा. पावसाळ्यात आणि त्याच्या तोंडावर पश्चिमेचा वारा जोराचा असतो, तेव्हा जाताना पश्चिमेकडं जा, म्हणजे येताना तो पाठीशी राहील.

तीन लिटर पाणी, ओआरएसची पुडी, गूळ-शेंगदाणे, टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट. हत्यारांत दोन ट्यूब, पंप, टायर काढायच्या पट्ट्या, षटकोनी पान्यांचा संच आणि चेनची एक जोडकडी. मागं लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.

वाट विचारायची एक रीत आहे. "हा रस्ता पुढं जातो का?" असं विचारलं की उत्तर "हो" असंच येतं, कारण चालत सगळीकडं जाता येतं. त्याऐवजी, "काका, राम राम. आज इकडून मोटारसायकल निघती का?" असं विचारा. मग खरी माहिती मिळते. "निघती की, पण मळ्यापाशी कॅनॉल फुटलाय, तिथून खालून जावा." बायामाणसांना मावशी म्हणून विचारा. कापूस वेचणाऱ्या मावश्यांना आदल्या दिवशी कुठल्या शिवारात पाऊस झाला हे हवामानाच्या ॲपपेक्षा नेमकं माहीत असतं.

काटे

मराठवाड्यात ग्रॅव्हलवर येणाऱ्या नव्या माणसाची उमेद चढ-उतार मोडत नाहीत, काटे मोडतात. तीन काटे ओळखून ठेवा. बाभळीचा पांढरा, लांब आणि सरळ. तो दिसतो आणि चुकवता येतो. वेड्या बाभळीचा अधिक चिवट, कालव्याच्या आणि रस्त्याच्या कडेनं सगळीकडं. शेतकरी बांधाला काटेरी फांद्या ओढून नेतात, तेव्हा वाटेवर आडव्या खरडल्याच्या खुणा दिसल्या की सावध व्हा. तिसरा सराटा, सगळ्यात वाईट. जमिनीलगत पसरणारी वेल, पिवळी इवली फुलं, आणि हरभऱ्याएवढं फळ. ते कसंही पडलं तरी त्याचा एक काटा वरच्या दिशेला राहतो. पावसाळा संपला की ही फळं वाळून वाटेच्या कडेला विखुरतात. म्हणून समोरून कुणी आलं तर कडेच्या गवतात चाक घालण्यापेक्षा थांबून उभे राहा.

खर्च परवडत असेल तर टायर ट्यूबलेस करून आत सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारं द्रव, घाला. मराठवाड्यासाठी सायकलीवर करण्यासारखा याहून चांगला खर्च मला माहीत नाही. काटा उपटा, भोक खाली येईल असं चाक फिरवा, फस्स आवाज थांबेपर्यंत थांबा आणि निघा. आपल्याकडच्या उन्हात सीलंट लवकर वाळतं, दोन-तीन महिन्यांनी तपासून भर घालावी लागते.

ट्यूबच असेल तर पंक्चर काढल्यावर घाई करू नका. सराट्याचं टोक टायरच्या रबरात मोडून राहतं, बाहेरून दिसत नाही आणि नवी ट्यूब शंभर मीटरवर पुन्हा बसते. नुसतं बोट फिरवून ते सापडेलच असं नाही, शिवाय बोट फाटतं. कापसाचं बोंड किंवा पुंजका घ्या. नोव्हेंबर-डिसेंबरात कापसाच्या गाड्या जातात त्या रस्त्याच्या कडेला, बाभळीच्या फांद्यांना तो अडकलेला असतोच. टायरच्या आतून तो हलक्या हातानं पूर्ण एक फेरा फिरवा. जिथं टोक असेल तिथं कापसाचा तंतू अडकतो आणि ताणला जातो. तिथंच टायर उलटा वाकवा, टोक वर येतं, नखांनी किंवा चिमट्यानं ओढा. मग कापूस आणखी एकदा फिरवा, कारण सराट्याचे काटे जोडीनं घुसतात.

ऋतू

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर हा खरा हंगाम. याच काळात उसाची वाहतूक चालू असते. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मागं सहज वळू शकत नाही आणि चालकाला बाजूचं दिसत नाही. आवाज आला की सायकलवरून उतरून बाजूला व्हा, आणि कालव्याच्या बाजूला न उतरता शेताच्या बाजूला उतरा. ऊसतोड मजुरांच्या कोप्यांजवळून जाताना वेग कमी ठेवा, तिथं लहान पोरं वाटेवर खेळत असतात. उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर असू शकतो, म्हणून दिवस मावळायच्या आत डांबरीवर यायचं.

जानेवारी-फेब्रुवारीत हुरड्याच्या दिवसांत बांधावरून हाक आली तर जरूर थांबा. लातूर-धाराशिवकडं मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे येळवसेला, अख्खं गाव शेतात असतं. कडब्याच्या कोपीत पूजा, मग भज्जी, आंबील, भाकरी, आणि वाटसरूलाही पंगतीला बोलावतात. त्या दिवशी डबा न घेता निघालात तरी उपाशी राहणार नाही.

मार्चनंतर पहाटे निघून नऊपर्यंत घरी. परभणी-नांदेडकडं मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढं जातो, आणि कालव्याकाठी सावली तुटक असते. पावसाळ्यात काळं रान सोडून मुरमाड माळ धरा. बीडच्या पाटोदा तालुक्यात, नायगाव मयूर अभयारण्याच्या भागात असे माळ आहेत.

धनगरांच्या कळपाबरोबरची आणि वस्तीवरची कुत्री अंगावर येतात. पळू नका. उतरा, सायकल मधे धरा, मेंढक्याला हाक मारा आणि कळपाला वळसा घालून चालत जा. कुत्रं त्याचं काम करत असतं.

जंगलाची वाट

मराठवाड्यात सपाट जंगल कमी, जे आहे ते डोंगराच्या कडेला, म्हणून हा दुसऱ्या हंगामाचा विषय. नांदेड जिल्ह्यात किनवटच्या बाजूला सागाचं रान आहे. मुदखेड-किनवट-आदिलाबाद रेल्वे त्यातून जाते, आणि पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा याच वाटेवर. धाराशिवजवळ येडशीचं रामलिंग घाट अभयारण्य छोटं आणि देखणं. कन्नडचं गौताळा औट्रम घाट अभयारण्य सुमारे २६० चौरस किलोमीटरचं, १९८६ मध्ये घोषित झालेलं. पितळखोऱ्याची लेणी त्यातच आहेत. तिथं चढ खरे आहेत.

अभयारण्यात सायकल न्यायची तर वनविभागाच्या नाक्यावर आधी विचारा. आत नेहमीचाच रस्ता धरा, एकटे जाऊ नका. विदर्भातल्या टिपेश्वरहून निघालेला वाघ २०२१ मध्ये गौताळ्यात पोचला होता, बिबटे तर कायमचेच. जायकवाडीच्या जलाशयाचा, म्हणजे नाथसागराचा, परिसरही पक्षी अभयारण्य आहे. पाणी ओसरलं की मोकळं पात्र सायकल घालायला बोलावतं, पण हिवाळ्यात तिथं रोहित आणि पट्टकादंब उतरतात. दुर्बीण घेऊन काठावर थांबा, सायकल आत नेऊ नका.

कुठून सुरू कराल

परभणीकरांनी पाथरी-मानवतच्या बाजूचा डावा कालवा धरावा. जालना, परतूर, सेलू, मानवत रोड, परभणी ही रेल्वे स्थानकं साधारण त्याच पट्ट्यात आहेत, त्यामुळं दमलात तर जवळचं स्थानक गाठता येतं. सायकल सोबत न्यायची असेल तर मोठ्या स्थानकाच्या पार्सल कार्यालयात आधी विचारा, नाहीतर बाजारातून रिकामा परतणारा छोटा हत्ती बघा. वसमतच्या बाजूला सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याखाली हळदीचं रान आहे. मार्चच्या सुमाराला हळद शिजवून वाळत घालतात, तेव्हा त्या भागात एक सकाळ नक्की घालवा.

पंचवीस किलोमीटरच्या फेऱ्या सवयीच्या झाल्या की पैठणहून उजव्या कालव्यानं गेवराई आणि दुसऱ्या दिवशी माजलगाव, अशी दोन दिवसांची वाट करा. गेवराई मोठं गाव आहे, मुक्काम आणि जेवण दोन्हीची सोय होते. जलसेतूंवरचे उतार-चढ धरून दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर पडतात. निघायच्या आदल्या दिवशी उजव्या कालव्याच्या काठच्या एखाद्या गावात फोन करून दोनच गोष्टी विचारा: पाऊस झाला का, आणि आवर्तन सुटलंय का.